गुरू नानकांना चेहरा देणारे सोभासिंग

चंदिगडहून अंबाल्याकडे निघालं की शहर संपतं न संपतं तोच झिरकपूर लागतं. पतियाळ्याचा रस्ता इथून फुटतो, पंचकुला-सिमल्याकडेही इथूनच वळतात. उड्डाणपूल, उंच इमारती आणि रस्त्याकडेला एकामागून एक लग्नाचे ‘पॅलेस’ असं हे गजबजलेलं गाव. इथल्या मिठाईच्या दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर, टॅक्सीच्या काचेपाशी, दवाखान्यात, ढाब्यावर आणि औषधांच्या दुकानात एकच चित्र हटकून दिसतं. पांढरी दाढी, अर्धवट मिटलेले डोळे, मस्तकामागे उजेड आणि आशीर्वादासाठी उचललेला उजवा हात. हे गुरू नानक. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला गेलेल्या मराठी माणसालाही हा चेहरा अनोळखी नाही. पंजाबी शेजाऱ्याच्या, ट्रकवाल्याच्या किंवा सुट्या भागांच्या दुकानदाराच्या भिंतीवर तो आपण वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत.

चित्र सगळ्यांच्या ओळखीचं असलं, तरी ते कुणी काढलं, हे पंजाबाबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. त्या चित्रकाराचं नाव सरदार सोभासिंग. विसाव्या शतकातल्या भारतीय व्यक्तिचित्रकारांमध्ये ज्यांची चित्रं सर्वाधिक घरांत पोचली, अशा मोजक्या कलावंतांत त्यांची गणना करावी लागेल. पंजाब सरकारने त्यांना राज्य कलाकार म्हणून गौरवलं, केंद्र सरकारने पद्मश्री दिली. तरीही भारतीय चित्रकलेवरच्या जाडजूड ग्रंथांत त्यांच्या वाट्याला फार तर चार ओळी येतात. एवढा पसरलेला आणि एवढा दुर्लक्षित असा दुसरा चित्रकार सापडणं अवघड आहे.

सोभासिंगांचा जन्म २९ नोव्हेंबर १९०१ रोजी गुरुदासपूर जिल्ह्यातल्या श्री हरगोबिंदपूर इथे झाला. बियास नदीकाठचं हे गाव पाचवे गुरू अर्जनदेव यांनी वसवलं आणि आपल्या मुलाचं नाव त्याला दिलं. मराठी वाचकाला हा मुलूख परका वाटायचं कारण नाही. संत नामदेवांनी आयुष्याचा उत्तरकाळ जिथे घालवला, ते घुमान याच गावाजवळ आहे. २०१५ मध्ये ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, तेव्हा हजारो मराठी माणसं याच परिसरात उतरली होती. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि शीख माणूस आजही ‘भगत नामदेव’ हे नाव आदराने घेतो.

सोभासिंगांचे वडील घोडदळात होते. आई लहानपणीच गेली. पंधराव्या वर्षी मुलगा अमृतसरच्या औद्योगिक शाळेत दाखल झाला आणि त्याने कला व हस्तव्यवसायाचा वर्षभराचा अभ्यासक्रम पुरा केला. औपचारिक शिक्षण म्हणावं तर एवढंच. मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या काळी व्यक्तिचित्रणाचं शिस्तबद्ध शिक्षण मिळत होतं. समोर माणूस बसवून तासन्‌तास रेखाटन करून घेतलं जाई, छायाप्रकाशाचे धडे दिले जात, तैलरंगाचे थर कसे चढवायचे ते हाताला धरून शिकवलं जाई. सोभासिंगांना यातलं काहीही मिळालं नाही. १९१९ मध्ये ते ब्रिटिश हिंदी सैन्यात आराखडे काढणारे ड्राफ्ट्समन म्हणून भरती झाले आणि त्यांना थेट बगदादला पाठवलं गेलं. दिवसभर रेघ अचूक ओढायची, मापात चूक होऊ द्यायची नाही, हे तिथलं काम. रंगाचा सराव फावल्या वेळात.

चार वर्षांनी, १९२३ मध्ये, त्यांनी सैन्याची नोकरी सोडली. कायम पगाराची नोकरी सोडून चित्रं काढून पोट भरायचं, हा निर्णय त्या काळात वेडेपणाच वाटला असणार. त्याच वर्षी बैसाखीच्या दिवशी इंदर कौर यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि अमृतसरमध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. १९२६ मध्ये बिऱ्हाड लाहोरला हललं, १९३१ मध्ये दिल्लीला. गिऱ्हाईक सांगेल ते करायचं, असे ते दिवस होते. व्यक्तिचित्रं, जाहिराती, सजावट असं हाताला मिळेल ते काम करत ते उभे राहिले. १९४६ मध्ये ते पुन्हा लाहोरला आले. अनारकली बाजारात स्टुडिओ होता, एका चित्रपटाचं कलादिग्दर्शनही हाती होतं. वयाच्या पंचेचाळिशीत बस्तान बसलं आणि वर्षभरात फाळणी झाली. लाहोर सोडताना मागे राहिलेला संसार आणि चित्रं पुन्हा हाती लागण्याची आशा नव्हती.

इथून पुढची गोष्ट हिमाचलातल्या अंद्रेटा नावाच्या खेड्यात घडते. कांगडा खोऱ्यात, पालमपूरजवळ, धौलाधारच्या बर्फाळ भिंतीच्या पायथ्याशी हे गाव आहे. नोरा रिचर्ड्स ही मूळची आयरिश अभिनेत्री तिथे राहत होती. तिचे पती लाहोरच्या दयाल सिंग कॉलेजात इंग्रजी शिकवत. नोराबाईंनी तिथल्या विद्यार्थ्यांना पंजाबीतून, आपल्याच गावातल्या विषयांवर नाटकं लिहायला लावली, म्हणून त्यांना आधुनिक पंजाबी रंगभूमीची जननी मानतात. पतीच्या निधनानंतर काही काळाने त्या अंद्रेट्याला मातीच्या घरात राहू लागल्या आणि त्यांच्याभोवती कलावंतांचा गोतावळा जमला. चित्रकार भवेशचंद्र सन्याल आले, दिल्लीच्या निळ्या कुंभारकामाचे प्रवर्तक गुरचरणसिंग आले. पृथ्वीराज कपूर यांचीही तिथे ये-जा असे. लाहोरहून उखडलेले सोभासिंग फाळणीनंतर इथे आले आणि अखेरपर्यंत, जवळपास ३८ वर्षं, इथेच राहिले. गाव त्यांना ‘दारजी’ म्हणू लागलं. पंजाबीत घरातल्या वडीलधाऱ्याला हाक मारायचा हा शब्द.

दिल्ली किंवा मुंबईसारख्या कलेच्या बाजारपेठेपासून इतक्या दूर राहून चित्रकाराचं चालणार कसं? सोभासिंगांचं चाललं ते छापखान्यामुळे. मूळ चित्र एकाच्या घरी जातं, पण त्याची छापील प्रत हजारोंच्या घरी जाऊ शकते, हे राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढून दाखवून दिलं होतं. पुढे मळवलीला हललेल्या त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी मराठी घरांच्या भिंती भरून गेल्या. पंजाबच्या घरांत तेच काम सोभासिंगांच्या चित्रांनी केलं.

त्यांचं सर्वांत गाजलेलं लौकिक चित्र म्हणजे ‘सोहनी महिवाल’. पंजाबच्या लोककथेतली सोहनी ही चिनाबकाठच्या गुजरात गावच्या कुंभाराची लेक. बुखाऱ्याचा व्यापारी इज्जत बेग तिच्यापायी सगळं सोडून म्हशी राखणारा ‘महिवाल’ होतो. तिचं लग्न दुसरीकडे लावून दिलं जातं, तरी ती रात्री घागरीच्या आधाराने नदी पोहून त्याला भेटायला जाते. एका रात्री नणंद पक्क्या घागरीच्या जागी कच्ची ठेवते. नदीच्या मध्यावर घागर विरघळते. सोहनी बुडते आणि तिला वाचवायला उडी घेतलेला महिवालही बुडतो. गोरोबाकाकांनी कोणतं मडकं कच्चं ते थापटून पारखलं, त्या कथेवर वाढलेल्या मराठी वाचकाला या कच्च्या घागरीचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

चित्रकाराने या कथेतला नेमका कोणता क्षण उचलावा? सोभासिंगांनी बुडण्याचा आक्रोश टाळला. चित्रात रात्र आहे, नदीचं पाणी आहे, महिवालने सोहनीला कवेत घेतलं आहे. ओलं वस्त्र अंगाला चिकटलेलं, पापण्या मिटलेल्या, घागर सोबत. संपूर्ण चित्रावर चांदण्याचा निळसर रंग पसरलेला आहे आणि देहांची कांती तेवढी त्या निळाईतून उजळून वर येते. इथे त्यांची तैलरंगावरची हुकमत कळते. कातडीचा उबदार रंग आणि पाण्याचा थंड रंग यांच्यात कुठेही कडक रेघ नाही, एकातून दुसरा अलगद उमलतो. भेट आणि मरण एकाच क्षणात दाखवणारं हे चित्र पंजाबच्या दोन्ही अंगांना, सरहद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे, आपलं वाटावं असंच आहे. चिनाब आणि गुजरात आता पाकिस्तानात आहेत. लाहोर सोडून आलेल्या माणसाच्या कुंचल्यातून ही नदी उतरली, हे विसरून हे चित्र पाहता येत नाही.

पण सोभासिंगांची खरी कसोटी लागली ती गुरूंच्या चित्रांत.

व्यक्तिचित्राकडून जगभर पहिली अपेक्षा असते ती साधर्म्याची. माणूस ओळखू आला पाहिजे. ऑस्ट्रेलियात १९२१ पासून व्यक्तिचित्रासाठी आर्चिबाल्ड पारितोषिक दिलं जातं. सिडनीच्या कलादालनात दरवर्षी त्याचं प्रदर्शन भरतं आणि कोण जिंकणार यावर सामान्य माणसंही हिरिरीने वाद घालतात. चित्रातल्या व्यक्तीने चित्रकारासमोर प्रत्यक्ष बसलेलं असलं पाहिजे, अशी तिथली अट आहे. १९४३ चं पारितोषिक विल्यम डोबेल यांना त्यांच्या मित्राच्या, जोशुआ स्मिथ यांच्या चित्रासाठी मिळालं, तेव्हा दोघा चित्रकारांनी कोर्टात धाव घेतली. लांबलेली मान, काटकुळे हात असलेलं हे चित्र व्यंगचित्र आहे, व्यक्तिचित्र नव्हे, असा त्यांचा दावा होता. १९४४ मध्ये न्यायाधीशांनी डोबेल यांच्या बाजूने निकाल दिला. चेहऱ्याशी किती इमान राखायचं आणि चित्रकाराने स्वतःचं किती घालायचं, हा प्रश्न तिथे थेट कायद्याच्या चौकटीत तपासला गेला.

सोभासिंगांपुढचा प्रश्न याहून कठीण होता. त्यांच्यासमोर बसायला कुणीच नव्हतं. गुरू नानकांचा काळ १४६९ ते १५३९. त्यांच्या हयातीतलं विश्वासार्ह चित्र उपलब्ध नाही. जनमसाख्या म्हणजे गुरूंच्या जीवनकथांच्या हस्तलिखितांत चित्रं आहेत, पण तीही नंतरची. त्यांतली ‘बी-४०’ या क्रमांकाने प्रसिद्ध असलेली आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेली पोथी १७३३ ची, म्हणजे गुरूंनंतर जवळपास दोनशे वर्षांनी झालेली. शिवाय शीख परंपरेत मूर्तिपूजा नाही. दहाव्या गुरूंनंतर गुरुपद ग्रंथाकडे गेलं. गुरूंचं चित्र काढावं की नाही, यावरच मतभेद आहेत आणि चित्राची पूजा होऊ नये असं म्हणणारे अभ्यासक आजही आहेत.

महाराष्ट्राला हा प्रश्न वेगळ्या रूपात ठाऊक आहे. शिवाजी महाराजांचं म्हणून एकेकाळी भलत्याच माणसाचं चित्र छापलं जात होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचं समकालीन चित्र उजेडात आणलं आणि तो घोळ मिटवला. पुढे कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांनी रंगवलेलं महाराजांचं चित्र राज्य सरकारने अधिकृत म्हणून स्वीकारलं. सिनेमाची पोस्टरं रंगवून हात घडवलेल्या या कलावंताचं चित्र आज सरकारी कचेऱ्यांतून दिसतं. कांबळ्यांच्या पाठीशी निदान समकालीन चित्राचा आधार होता. सोभासिंगांच्या हाताशी होती ती गुरूंची वाणी, आख्यायिका आणि ऐकणाऱ्यांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेली प्रतिमा.

झिरकपुरात राहून गुरूंना चेहरा देण्याचं हे ओझं किती मोठं होतं याची कल्पना येते. इथल्या नाभा साहिब गुरुद्वाऱ्याची आठवण १६७५ ची आहे. दिल्लीत नववे गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाल्यावर भाई जैता त्यांचं शीर घेऊन आनंदपूरला निघाले, वाटेत ते इथे थांबले, असं परंपरा सांगते. ज्या गावच्या माणसांच्या मनात हा इतिहास ताजा आहे, त्यांच्यासमोर गुरू तेगबहादूरांचा चेहरा ठेवायचा, तर चित्रकाराला चुकायची सोय नाही. सोभासिंगांनी गुरू तेगबहादूरांचं, गुरू अमरदासांचं, बालगुरू हरकिशनांचं आणि गुरू गोविंदसिंगांचंही चित्र काढलं.

गुरू नानकांकडे ते पुन्हा पुन्हा वळले. त्यांतलं सर्वांत मान्यता पावलेलं चित्र १९६९ चं, गुरूंच्या पाचशेव्या जयंतीच्या निमित्ताने केलेलं. हे चित्र जवळून पाहण्यासारखं आहे. डोळे पुरते मिटलेले नाहीत आणि उघडेही नाहीत. नामस्मरणातल्या तंद्रीला पंजाबीत ‘नाम खुमारी’ म्हणतात. ती पापण्यांच्या या अर्ध्या झुकण्यातून व्यक्त होते. चेहऱ्यावर वय आहे, पण थकवा नाही. मस्तकामागची प्रभा कडक वर्तुळासारखी आखलेली नाही, मागच्या अंधारात ती विरत जाते. जुन्या जनमसाख्यांत गुरू बाला-मर्दाना या सोबत्यांसह, झाडाखाली, एखाद्या प्रसंगाच्या मध्यभागी दिसतात. सोभासिंगांनी प्रसंग, झाड, सोबती सगळं बाजूला ठेवलं आणि फक्त माणूस समोर आणला. पाश्चात्त्य तैलचित्रातल्या ‘पोर्ट्रेट’ची ही रचना आहे. तीत श्रद्धेचा विषय आल्यामुळे पाहणाऱ्याला गुरू आपल्याशीच बोलताहेत असं वाटलं. लोकांनी हा चेहरा खरा मानला, आणि नंतरच्या कितीतरी चित्रकारांनी तोच गिरवला.

गुरूंच्या चित्रांच्या लोकप्रियतेखाली त्यांची बाकीची व्यक्तिचित्रं झाकली गेली, हे नुकसानच म्हणायला हवं. भगतसिंग, कर्तारसिंग सराभा, सुभाषचंद्र बोस, लालबहादूर शास्त्री अशी माणसं त्यांनी रंगवली. या चेहऱ्यांची छायाचित्रं उपलब्ध होती, तेव्हा इथे साधर्म्याची परीक्षा होती आणि ड्राफ्ट्समनच्या नोकरीतली अचूक रेघ कामी आली असावी. पृथ्वीराज कपूर आणि कलाप्रेमी सनदी अधिकारी महिंदरसिंग रंधावा यांचे अर्धपुतळेही त्यांनी घडवले. अंद्रेट्याच्या शेजारपाजारची माणसंही त्यांच्या कॅनव्हासवर आली. ‘गद्दन’ या चित्रात धौलाधारच्या कुरणांत शेळ्यामेंढ्या घेऊन फिरणाऱ्या गद्दी जमातीची स्त्री आहे, तर ‘कांगडा ब्राइड’मध्ये खोऱ्यातली नववधू. या चित्रांत दागिन्याची घडण आणि कापडाचा पोत इतक्या मायेने रंगवला आहे, की या साध्या बायकांचा मान महाराण्यांच्या तोडीचा वाटतो.

मग कलासमीक्षकांनी त्यांना दूर का ठेवलं? कारण त्यांचा काळ आधुनिक चित्रकलेच्या उठावाचा होता. अमृता शेरगिलने अवघ्या २८ वर्षांच्या आयुष्यात भारतीय चित्रकलेला वेगळी दिशा दिली आणि १९४१ मध्ये लाहोरला तिचा अंत झाला. मुंबईत १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. अंद्रेट्यातले शेजारी सन्याल स्वतः आधुनिक वाटेने चालले होते. या सगळ्यांना हुबेहूब रंगवणं, गोड चेहरे, आदर्श सौंदर्य हे मागे टाकायचं होतं. त्यांच्या दृष्टीने सोभासिंग ‘कॅलेंडर आर्ट’चे चित्रकार ठरले आणि या शब्दात कौतुक नव्हतं. त्या टीकेत तथ्य अजिबात नाही असं म्हणता येणार नाही. त्यांच्या काही चित्रांत गोडवा जास्त झाला आहे, चेहरे एकसारखे सुंदर झाले आहेत. पण स्वस्त छपाईत मूळचे रंग भडक होतात, सूक्ष्म छटा मरतात, आणि बहुतेकांनी सोभासिंग पाहिले ते अशा प्रतींतूनच. मूळ चित्र न पाहता चित्रकाराला निकालात काढणं हा अन्याय आहे. आमच्याकडे चित्रकार मुळगावकर आणि दीनानाथ दलाल यांच्या वाट्यालाही समीक्षकांकडून बराच काळ अशीच उपेक्षा आली होती, आता त्यांच्याकडे नव्याने पाहिलं जातं. सोभासिंगांच्या बाबतीत ते अजून पुरेसं झालेलं नाही.

लोकांनी आणि सरकारने मात्र त्यांचा मान ठेवला. १९७४ मध्ये पंजाबने त्यांना राज्य कलाकार घोषित केलं, पतियाळ्याच्या पंजाबी विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली, १९८३ मध्ये पद्मश्री मिळाली. ऑगस्ट १९८६ मध्ये चंदिगडच्या पीजीआय रुग्णालयात त्यांचं निधन झालं. वय ८४. २००१ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

चंदिगड-झिरकपूर परिसरात नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबांनी आणि दरवर्षी धरमशाला-डलहौसीच्या सहलीला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी दोन ठिकाणी मुद्दाम जावं. पहिलं, चंदिगडच्या सेक्टर १० मधलं सरकारी संग्रहालय. ल कॉर्बुझिएने आखलेल्या, १९६८ मध्ये खुल्या झालेल्या या इमारतीत फाळणीच्या वेळी लाहोर संग्रहालयाच्या वाटणीतून भारताला मिळालेल्या ४० टक्के हिश्श्यातला मोठा ठेवा आहे. रंधाव्यांनी जिद्दीने जमवलेली पहाडी लघुचित्रंही तिथे आहेत. सोभासिंग कोणत्या परंपरेच्या शेजारी उभे राहून वेगळं काम करत होते, ते तिथे कळतं. दुसरं ठिकाण अंद्रेटा. सोभासिंगांच्या राहत्या जागी त्यांच्या कुटुंबीयांनी संग्रहालय जपलं आहे आणि तिथे मूळ चित्रं पाहता येतात.

आणि एक विनंती प्रकाशकांना, छापखानदारांना, दिनदर्शिका काढणाऱ्या संस्थांना. गुरू नानकांचं हे चित्र छापताना खाली ‘चित्रकार : सोभासिंग’ एवढे दोन शब्द घाला. त्याला जागा लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि चित्रकाराचा तो हक्क आहे.